एकाच टेकडीवरच्या दोन बाटल्या

परदेशी नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला घरी येतो. आईवडिलांसाठी आणलेल्या दोन बाटल्या बॅगेतून काढून टेबलावर ठेवतो. एकीत हिरवट सोनेरी ऑलिव्ह तेल, दुसरीत माणकासारखी लाल वाइन. ‘‘बाबा, दोन्ही इटलीच्या. तिकडचे लोक रोज घेतात आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत राहतात. हृदयाला चांगलं असतं म्हणे!’’ अठ्ठ्याहत्तरीतले बाबा बाटली हातात घेऊन न्याहाळतात. आयुष्यभर मद्याला न शिवलेला हा गृहस्थ हळूच विचारतो, ‘‘औषध म्हणून रात्री दोन घोट घेतले, तर?’’ आई काहीच बोलत नाही. तिची नजर फडताळातल्या गोळ्यांच्या डब्याकडे जाते. त्या डब्यात रक्तदाबाची गोळी आहे, रक्त पातळ ठेवणारी आहे आणि झोपेचीही आहे.

वाचकहो, असा प्रसंग आज अनेक घरांत घडतो. भेट प्रेमाची असते, सल्लाही प्रेमाचाच असतो; पण त्यामागची माहिती अर्धीच असते. या दोन बाटल्यांपैकी वृद्धाच्या ताटाला उपकारक कोणती, आणि जिचे आरोग्यगुण केवळ ऐकीव आहेत ती कोणती, हे नीट कळले पाहिजे. त्यासाठी या बाटल्या जिथून आल्या, त्या टेकडीवरच आपण मनाने एक फेरी मारून येऊ.

द्राक्ष आणि ऑलिव्ह यांचे शेजारपण

मध्य इटलीतल्या टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन ऐतिहासिक शहरांच्या मधोमध कियांती नावाचा डोंगराळ टापू आहे. त्याच्या दक्षिण भागात, गायोले गावाच्या हद्दीत ब्रोलिओचा किल्ला उभा आहे. ही जहागीर ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे. किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिले, की उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा, त्यांच्या कडेने रुपेरी पानांची ऑलिव्हची झाडे आणि पलीकडे ओकची राने दिसतात. सुमारे १,२०० हेक्टरांच्या या मालमत्तेत द्राक्षबागा सुमारे २४० हेक्टरांवर आहेत आणि ऑलिव्ह जेमतेम २६ हेक्टरांच्या आसपास. कीर्ती वाइनची मोठी असली, तरी या मातीत दोन्ही पिके शतकानुशतके एकमेकांच्या सोबतीने वाढली आहेत.

याचे कारण जमिनीत आहे. इथली माती खडकाळ आणि निकस. गव्हाला ती मानवत नाही. परंतु मुळे खोल सोडणाऱ्या वेलीला आणि ऑलिव्हला पाण्याचा निचरा होणारी अशीच जमीन रुचते. हंगामही सोयीचे आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी आटोपते आणि त्याच हातांना ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवण्याचे काम मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही शेती बहुतांशी अर्धेलीने चाले. कुळाने राबायचे आणि निम्मे पीक मालकाला द्यायचे. आज ज्या आहाराची जगभर वाखाणणी होते, तो अशा कष्टकरी माणसांच्या ताटातला आहे, हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होईल.

इथल्या वाइनचा प्राण म्हणजे ‘सांजोवेझे’ नावाचे काळसर लाल द्राक्ष. ब्रोलिओचे बॅरन बेत्तिनो रिकासोली हे एकीकृत इटलीचे दोनदा पंतप्रधान झाले. राजकारणातून बाजूला झाल्यावर त्यांनी आपले चित्त या द्राक्षांत घातले. १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कियांतीचे सूत्र मांडले. सुगंध आणि जोम यांसाठी सांजोवेझे, तिचा कडकपणा मऊ करण्यासाठी ‘कानाइओलो’, आणि रोजच्या जेवणातली हलकी वाइन करायची असेल तर थोडे ‘माल्वासिया’ हे पांढरे द्राक्ष. आजच्या ‘कियांती क्लासिको’त किमान ८० टक्के सांजोवेझे असावेच लागते. या द्राक्षाने आता आपल्याकडेही मूळ धरले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात त्याची लागवड होते आणि वाइनही बनते. म्हणजे बाबांनी विचारलेला प्रश्न केवळ परदेशातून येणाऱ्या भेटीपुरता राहिलेला नाही.

ऑलिव्हची कथा याहून सोशिक आहे. जानेवारी १९८५ मध्ये टस्कनीत असे कडाक्याचे हिम पडले, की काही ठिकाणी पारा उणे २० अंशांच्याही खाली गेला. लाखो ऑलिव्हवृक्ष उभे जळाले. शेतकऱ्यांनी काळवंडलेले बुंधे जमिनीलगत कापून टाकले. पण मुळे जिवंत होती. त्यांतून धुमारे फुटले आणि त्या धुमाऱ्यांचीच पुन्हा झाडे झाली. आज टस्कनीच्या बागांत एकाच बुडख्यातून दोन-तीन खोडे वर आलेली दिसतात, ती त्या थंडीची खूण आहे.

घाण्यातले तेल आणि घशातला खोकला

ऑलिव्ह उतरवताना झाडाखाली जाळ्या अंथरतात आणि फणीसारख्या अवजाराने फळे ओरबाडून खाली पाडतात. फळ पूर्ण काळे होण्याआधी, हिरवे-जांभळे असतानाच काढायचे, ही टस्कनीची रीत. त्यामुळे तेल कमी निघते, पण चव तिखट आणि गंध ताज्या गवतासारखा येतो. काढलेली फळे शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर पोचतात. तिथे ती बियांसकट दळून लगदा करतात, तो हळूहळू ढवळतात आणि यंत्रात फिरवून तेल वेगळे करतात. हे सारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली झाले, तरच बाटलीवर ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ असे छापता येते. आपल्या लाकडी घाण्याच्या तेलाची महती ज्या घरांनी जाणली आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ही पदवी कायद्याने ठरलेली आहे. अशा तेलात मुक्त आम्लाचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक चालत नाही आणि चवीत दोष असून भागत नाही. ‘पोमेस’ म्हणून जे स्वस्त तेल मिळते, ते उरलेल्या पेंडीतून द्रावकाच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले असते. दोन्हींच्या नावात ऑलिव्ह आहे, पण गुणांत अंतर आहे.

हे अंतर जिभेलाही कळते. उत्तम ताजे तेल चमचाभर घोटले, तर घशाच्या मागच्या बाजूला झणझणते आणि ठसका लागतो. २००५ मध्ये गॅरी बोशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ठसक्यामागचे संयुग ओळखून ‘नेचर’ नियतकालिकात त्याची माहिती दिली. त्याला ‘ओलिओकँथॉल’ हे नाव मिळाले. शरीरातल्या दाहाशी निगडित ज्या विकरांवर आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक काम करते, त्यांवरच हे संयुगही सौम्यपणे काम करते. याचा अर्थ गुडघेदुखीवर तेल प्यावे असा कोणी काढू नये. एका जेवणातल्या तेलात त्याची मात्रा गोळीच्या मानाने फारच अल्प असते. पण ज्या तेलाने ठसका लागतो ते बिघडलेले नाही, उलट ताजे आहे, एवढे मात्र यातून शिकता येते.

तेलाच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा स्पेनमधला आहे. तिथे ‘प्रेडिमेड’ नावाच्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या, ५५ ते ८० वर्षे वयाच्या ७,४४७ स्त्री-पुरुषांना तीन गटांत विभागले. एका गटाने भूमध्यसागरी आहारासोबत रोज सुमारे चार मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेतले, दुसऱ्याने त्याच आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट खाल्ले, आणि तिसऱ्याला स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला मिळाला. सुमारे पाच वर्षांत पहिल्या दोन्ही गटांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून तिसऱ्या गटाच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गटवाटणीच्या काही त्रुटी निघाल्या. संशोधकांनी तो मागे घेतला, आकडे पुन्हा तपासले आणि २०१८ मध्ये नव्याने प्रसिद्ध केला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. चूक मान्य करून पुन्हा मोजणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

आणि ती दुसरी बाटली?

लाल वाइनला आरोग्याची ख्याती मिळाली ती १९९०च्या दशकात. फ्रान्समधले लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, याचे श्रेय तिथल्या वाइनला देण्यात आले. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या ‘रेझव्हेराट्रॉल’ या द्रव्याचा गाजावाजा झाला. उंदरांवरचे प्रयोग उत्साह वाढवणारे होते. परंतु त्यांना दिलेल्या मात्रेइतके द्रव्य वाइनमधून मिळवायचे, तर माणसाला दिवसाला शेकडो पेले रिचवावे लागतील, ही गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही.

या दाव्याची तपासणी झाली ती नेमकी कियांतीतच. १९९८ मध्ये ग्रेव्हे इन कियांती आणि बान्यो आ रिपोली या दोन गावांत ज्येष्ठांच्या आरोग्याचा ‘इनकियांती’ नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. वय वाढताना माणसाचे चालणे का मंदावते, हा त्याचा मुख्य विषय. त्यातल्या ६५ वर्षांवरील ७८३ जणांच्या लघवीत रेझव्हेराट्रॉलचे अंश किती, हे मोजून ठेवण्यात आले. पुढच्या नऊ वर्षांत त्यांपैकी २६८ जण निवर्तले. हिशेब केला तेव्हा दिसले, की ज्यांच्या शरीरात हे द्रव्य अधिक होते ते अधिक जगले असे झाले नाही, आणि त्यांना हृदयविकार किंवा कर्करोग कमी झाला असेही नाही. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनच्या माहेरीच वाइनचे औषधपण सिद्ध झाले नाही.

मग पूर्वीच्या अभ्यासांत थोडी वाइन घेणारे निरोगी का दिसत? त्याची उत्तरे हळूहळू उलगडली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेली माणसेही मोजली गेली होती. आणि जेवताना पेलाभर वाइन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, बरे खाणारा, वेळेवर डॉक्टरांकडे जाणारा असे. श्रेय त्याच्या राहणीचे होते, ते पेल्याच्या नावावर जमा झाले. मद्य हे कर्करोगाचे निश्चित कारण असल्याची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच केली आहे, आणि आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

ज्येष्ठांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे लागते. वयाबरोबर शरीरातले पाणी कमी होते. त्यामुळे पन्नाशीत सोसलेला तोच पेला पंचाहत्तरीत रक्तात अधिक चढतो. दीडशे मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. झोपेच्या गोळीसोबत तो गेला, की तोल आणि श्वास दोन्ही मंदावतात. रात्री लघुशंकेला उठलेला माणूस न्हाणीघरात पडतो आणि मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम मद्याने कमी-जास्त होतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मध्यरात्री धोकादायकरीत्या उतरू शकते. आईची नजर गोळ्यांच्या डब्याकडे वळली, ती उगाच नव्हे.

बाटलीत न मावणारे

असे असूनही त्या टेकड्यांवर निरोगी म्हातारपण दिसते, हे खोटे नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी भूमध्यसागरी आहाराचा अभ्यास जगापुढे आणला. दक्षिण इटलीतल्या पियोप्पी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी घर केले, अनेक वर्षे तिथे घालवली आणि २००४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते निवर्तले. त्यांनी पाहिलेले ताट साधे होते. भाज्या, कडधान्ये, धान्य, फळे, तेल, थोडे मासे, मांस सणासुदीला.

टस्कनीचे ताट आणखी ओळखीचे वाटेल. इटलीतले इतर लोक टस्कनीकरांना थट्टेने ‘घेवडेखाऊ’ म्हणतात, इतका त्यांचा पांढऱ्या राजम्यासारख्या घेवड्यावर जीव. ‘रिबोल्लीता’ म्हणजे पुन्हा उकळलेले सार. आदल्या दिवशीची घेवड्याची व पालेभाज्यांची आमटी शिळ्या पावासकट पुन्हा शिजवायची आणि वाढताना वरून कच्च्या तेलाची धार सोडायची. दात नसलेल्या आजोबांनाही ती सहज गिळता येते. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, ही गोष्ट रक्तदाबाच्या रुग्णांनी जरूर लक्षात घ्यावी. आपल्या उसळी, आमट्या, पालेभाजीचे गरगटे, ज्वारीची भाकरी यांच्याशी या ताटाचे जवळचे नाते आहे. अडचण आपल्या ताटाच्या कडेला असते, पापड, लोणचे आणि फरसाण यांच्या मिठात.

याशिवाय शेतात चढउतार करणारे पाय, संध्याकाळी चौकात फेरफटका मारण्याची पद्धत आणि चारचौघांत बसून केलेले सावकाश जेवण हेही त्या आहाराचे अंग आहे. युनेस्कोने २०१० मध्ये भूमध्यसागरी आहाराला अमूर्त वारशाचा मान दिला, तेव्हा पदार्थांइतकाच एकत्र बसून जेवण्याचाही उल्लेख केला. इनकियांती अभ्यासातही एक बोलका धागा सापडला. ज्यांच्या रक्तात ‘ई’ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची चालण्या-उठण्याची शक्ती पुढच्या तीन वर्षांत अधिक घटली. हे जीवनसत्त्व तेले, बदाम, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया यांतून मिळते. त्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

आपल्या घरी काय करावे?

*तेल निवडताना :* ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हे शब्द पाहावेत. गडद काचेची किंवा पत्र्याच्या डब्यातली लहान बाटली घ्यावी. काढणीचा हंगाम छापलेला असेल, तर अलीकडचा निवडावा. वाइन मुरते, तेल मात्र जुने होते. शेगडीजवळ किंवा खिडकीत ठेवू नये. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावे. जुन्या मेणबत्तीसारखा किंवा खवट वास आला, तर मोह सोडावा.

*वापरताना :* फोडणीत घातल्याने हे तेल विषारी होत नाही, पण त्याचा सुगंध आणि गुणकारी संयुगे घटतात. कोशिंबिरीवर, गरम वरणावर, मऊ खिचडीवर चमचाभर कच्चे घालावे. चमचा वाढवताना दुसरीकडचे तेल-तूप तेवढेच कमी करावे, कारण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. गिळताना वारंवार ठसका लागणाऱ्या रुग्णाला कच्चे तेल नुसते पाजू नये. पदार्थात कालवून द्यावे.

*परवडत नसेल तर :* जराही खंत नको. शेंगदाण्याच्या तेलातही ऑलिव्हप्रमाणे ओलिक आम्लाचा वाटा मोठा असतो. घाण्याचे शेंगदाणा तेल बेताने वापरावे आणि मूठभर अक्रोड-बदाम, चावत नसतील तर भिजवून किंवा कूट करून, खावेत. ताटातली डाळ आणि पालेभाजी वाढवावी. स्पेनच्या अभ्यासात फळ मिळाले ते पूर्ण आहाराला. तळणीवर ओतलेल्या महागड्या तेलाला ते मिळणार नाही.

*वाइनविषयी :* जे घेत नाहीत, त्यांनी औषध म्हणून सुरू करू नये. जे अधूनमधून घेतात, त्यांनी आपल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून मोकळेपणी विचारावे. घरात रोज भरपूर मद्य घेणारे ज्येष्ठ असतील, तर काळजीवाहकांनी एका दिवसात बाटली लपवू नये. अचानक बंद केल्याने कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. सोडणे वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. आणि हे बोलणे नातवंडांसमोर, पाहुण्यांसमोर नको. वडीलधाऱ्या माणसाचा मान राखून, एकांतात सांगितलेले अधिक पोचते.

*द्राक्षांविषयी :* सालीतल्या ज्या रंगद्रव्यांचे कौतुक होते, ती काळ्या द्राक्षांतही आहेत. हंगामात स्वच्छ धुतलेली मूठभर काळी द्राक्षे सालीसकट खावीत. मधुमेहींनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मनुकांत साखर दाटलेली असते, याचेही भान ठेवावे.

आता पुन्हा त्या दिवाळीच्या टेबलाकडे येऊ. मुलाच्या भेटीचा अव्हेर करण्याचे कारण नाही. तेलाची बाटली आईने फडताळात, उजेडापासून दूर ठेवावी आणि त्याच रात्रीच्या काकडीच्या कोशिंबिरीवर तिची पहिली धार सोडावी. लाल बाटलीबद्दल बाबांनी मुलाला हसून सांगावे, ‘‘ही तुझ्या मित्रांसाठी असू दे, माझ्या गोळ्यांशी हिचे जमणार नाही.’’ आणि जेवण झाल्यावर मुलाने वडिलांचा हात धरून त्यांना सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या माराव्यात. त्या टेकडीवरची ही तिसरी गोष्ट बॅगेत घालून आणावी लागत नाही. मुलगा आहे तितके दिवस त्याच्यासोबत आणि तो परत गेल्यावर शेजारच्या समवयस्कांसोबत, या फेऱ्या चालू राहाव्यात.